दबणे म्हणजे शिकणे नव्हे

फेब्रुवारी १९३४ मधील राजगृहातील कौटुंबिक छायाचित्रात बाबासाहेब आणि माता रमाई यांच्यासमवेत त्यांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. आपल्या उदगीर परिसरात मात्र राखणीच्या कुत्र्याला काठीने ‘आठ दिवसांत सरळ’ करण्याची घाई दिसते. कुत्रा सरळ होत नाही, दबतो. गुरगुरल्याबद्दल मार बसला की तो गुरगुरणे सोडतो. भीती तशीच राहते आणि एके दिवशी तो पूर्वसूचनेविना चावतो. एकच ठरलेला शब्द, योग्य वर्तन घडताच भाकरीचा तुकडा आणि रोजचा थोडा सराव, ही वाट लांबची, परंतु टिकाऊ आहे.

अंगुत्तर निकायातील केसी हा अश्वशिक्षक न शिकणाऱ्या घोड्याला ठार करीत असे. तथागतांचा कठोर उपाय मात्र दुराचरणाचे परिणाम समजावून सांगणे एवढाच होता.

तरुणपणी मीही वर्गात छडी उगारली. मुले गप्प झाली. त्यालाच मी शिस्त समजलो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने ती छडी बंद केली. आता वसतिगृहाच्या आवारातील मुक्या जिवावरची काठीही थांबावी. मुले ती पाहत असतात, आणि पाहिलेलेच शिकतात.