अमेरिकन डायमंडची चमक कशी टिकवाल?

लग्नसराईत कुड्या, नथ, पेंडंट, बांगड्या अशा दागिन्यांत ‘अमेरिकन डायमंड’ला मोठी मागणी असते. नाव असे असले, तरी हा खडा मुळात अमेरिकेतला नाही आणि हिरा तर नाहीच. त्याचे खरे नाव क्युबिक झिरकोनिया. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. हा खडा झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडपासून प्रचंड उष्णतेत तयार करतात. त्याची पद्धत १९७०च्या दशकात मॉस्कोच्या लेबेडेव्ह संस्थेतील शास्त्रज्ञांनी विकसित केली. १९७६च्या सुमारास तो दागिन्यांच्या बाजारात आला.

काठिण्याच्या मोजपट्टीवर हिरा १०, तर हा खडा ८ ते ८.५. त्यातून सप्तरंगी छटा हिऱ्यापेक्षाही जास्त फाकतात. तोंडाची वाफ सोडली, तर हिऱ्यावरून ती चटकन उडते, यावर जरा रेंगाळते. पण मोइसनाइट हा कृत्रिम खडाही हिऱ्याप्रमाणेच वागतो; म्हणून या परीक्षेवर विसंबून हिरा विकत घेऊ नये.

तेवढ्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा हा खडा दीडपटीहून जड असतो. सोन्याच्या दागिन्यात खड्यांचे वजन सोन्याच्या भावाने लागले, तर नुकसान ग्राहकाचेच. बिलावर सोन्याचे निव्वळ वजन, खड्यांचे वजन आणि खड्याचे नाव वेगवेगळे लिहून घ्यावे. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याची नव्हे.

खडा मंद दिसू लागला, की तो ‘काळा पडला’ असे वाटते. बहुतेक वेळा दोष खड्यामागे साचलेल्या तेलाचा, साबणाचा, पावडरीचा असतो. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने खड्याची मागची बाजू हलकेच घासावी, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि सुती कापडाने टिपावे. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा किंवा राख वापरू नये. त्यांनी धातूवर चरे पडतात, मुलामा निघतो. मुलाम्याचे किंवा चिकटवलेल्या खड्यांचे दागिने पाण्यात बुडवू नयेत. ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडे करावेत.

कणीक मळताना, भांडी घासताना अंगठी काढून ठेवावी. अत्तर, हेअर स्प्रे आधी आणि दागिने शेवटी, हा क्रम पाळावा. हिऱ्याच्या दागिन्यांसोबत एकाच डबीत हे खडे ठेवू नयेत. हिऱ्याच्या घर्षणाने त्यांचे पैलू झिजतात, आणि तशी गेलेली चमक धुऊन परत येत नाही.