आधी चावी काढा!

'टप्'. एवढाच आवाज आला. मग एकदम शांतता.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. परीक्षा संपलेली, कोल्हापुरात घरी बसून कंटाळा आलेला आणि दारात पप्पांची जुनी, कार्ब्युरेटरवाली गाडी. एक व्हिडिओ पाहिला आणि ठरवलं, एअर फिल्टर आपणच साफ करायचा. त्यात काय एवढं? झाकण काढलं, फिल्टर काढला आणि हातातला छोटासा नट निसटून थेट कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत!

अशा वेळी डोक्यात पहिला विचार काय येतो, सांगू? 'कुणी पाहिलं तर नाही ना?' दुसरा त्याहून भारी. गुपचूप झाकण लावू, गाडी सुरू करू, नट जाईल सायलेन्सरमधून बाहेर. शेजारच्या दादानंही हाच सल्ला दिला. चावी माझ्या हातातच होती.

ती फिरवली असती तर काय झालं असतं, हे मला नंतर कळलं. पिस्टन खाली जातो, व्हॉल्व्ह उघडतो आणि हवेसोबत वाटेत जे असेल ते आत ओढलं जातं. मग पिस्टन वर येतो. अगदी वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये कुठे कुठे जेमतेम एखादा मिलिमीटर जागा उरते. तिथे पोलादी नट मावणार कसा? त्यात पिस्टन ॲल्युमिनियमचा, म्हणजे नटापेक्षा मऊ. गाडी नुसती जागेवर सुरू असली तरी इंजिन मिनिटाला ८००-९०० फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला १३ ते १५ वेळा घाव. पिस्टनला खड्डे, व्हॉल्व्ह वाकडा, सिलिंडरवर ओरखडे.

मी पप्पांना फोन केला. दोन सेकंद ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "चावी काढ आणि घरात जा." आवाज चढलेला होता, खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी उद्यमनगरातले मिस्त्री आले. कुणी केलं, कसं केलं, काही विचारलं नाही. एकच प्रश्न: "सेल्फ मारलायस काय?"

"नाही."

"मग झालं की! रडतीस कशाला?"

त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, म्हणजे चुकूनही कुणी स्टार्टर मारू नये. मग कार्ब्युरेटर सोडवला आणि आत टॉर्च मारला. नट मॅनिफोल्डच्या वळणावर आरामात बसलेला. लांब दांडीचं चुंबक आत घातलं आणि नट बाहेर. मी विचारलं, हवेचा पाइप मारून नसता निघाला? ते म्हणाले, "हवा मारली की अजून आत जातोय." सिलिंडरमध्ये पडला असता तर? प्लग काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा घालायचा, इंजिन पान्यानं हातानंच हळूहळू फिरवून बघायचं, चुंबक लावायचं. वस्तू पितळी किंवा ॲल्युमिनियमची असेल तर चुंबकाला चिकटत नाही, मग बारीक नळीनं ओढून काढायची. काहीच जमलं नाही तर हेड खोलायचं. माझं काम चारशे रुपयांत भागलं.

जाता जाता ते जे बोलले, त्यासाठी हा लेख. त्यांच्या गॅरेजात नियम आहे: इंजिनात काही पाडलं आणि लगेच सांगितलं, तर त्या पोराला त्या दिवशी चहा मिस्त्रींकडून. कारण पूर्वी एकानं भीतीपोटी वॉशर पडल्याचं लपवलं आणि गिऱ्हाइकाचं इंजिन गेलं.

मिस्त्रींना कदाचित माहीत नसेल, पण असाच किस्सा अमेरिकी नौदलाच्या 'कार्ल व्हिन्सन' या विमानवाहू नौकेचा सांगितला जातो. डेकवर एका खलाशाचं अवजार हरवलं. ते जेट इंजिनात ओढलं गेलं तर अनर्थ. त्यानं लगेच कळवलं. अवजार सापडेपर्यंत हवेतली विमानं जमिनीवरच्या तळांकडे वळवावी लागली. केवढा खर्च, केवढी धावपळ! आणि दुसऱ्या दिवशी त्या खलाशाचं काय झालं? रीतसर समारंभ करून कौतुक.

आता आपल्याकडे बघा. लॅपटॉपवर चहा सांडला, की आपण आधी बटण दाबून बघतो, 'चालतोय का?' साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, की पुन्हा पुन्हा सेल्फ मारतो. इंजिनात पाणी गेलं असेल तर पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. केटी लागली, घरी सांगत नाही. ऑनलाइन गेममध्ये फीचे पैसे गेले, ते परत मिळवायला मित्राकडून उसने घेऊन पुन्हा लावतो. चूक एकदाच झालेली असते. वाट लागते ती नंतर फिरवलेल्या चावीनं.

तुम्ही म्हणाल, सांगितलं की शिव्याच बसतात! बरोबर आहे, बसतात. म्हणून अर्धा लेख तुमच्या घरच्यांसाठी, सरांसाठी आणि सीनियर्ससाठी. सांगणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सोललंत, तर पुढच्या वेळी तो झाकण लावून गाडी सुरू करेल. नुकसान तुमच्याच इंजिनाचं. ओरडा हवं तर, पण नट निघाल्यावर.

आणि तुमच्यासाठी एवढंच: नट आत पडलाय? चावी काढा. फोन लावा. आवाज थरथरला तरी चालेल.

तो नट मी अजून पेनस्टँडमध्ये ठेवलाय. परवा बातमीत मी एक आकडा चुकीचा टाइप केला होता. पान छपाईला जायला अर्धा तास होता. नटाकडे बघितलं आणि उठून थेट संपादकांच्या टेबलापाशी गेले. चहा नाही मिळाला, पण आकडा दुरुस्त झाला.