खेळ कोणाच्या मालकीचा?

आपल्या चळवळीत काही निषेध असे आहेत की ते उच्चारण्यापूर्वी विचार करावा लागत नाही. व्हिडिओ गेमचा निषेध त्यांपैकी एक. दादर-परळकडचा एखादा तरुण कार्यकर्ता जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जमवतो, त्यांची यंत्रे दुरुस्त करून घेतो आणि रविवारी चार मित्रांना बोलावून खेळत बसतो, असे कळले की आपले ज्येष्ठ साथी मान हलवतात. चंगळवाद, अमेरिकी संस्कृती, पोरखेळ ही तीन लेबले तयारच असतात. ती चिकटवली की विषय संपतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे मान हलवणे राजकीय आंधळेपणाचे आहे, आणि त्याची किंमत अखेर चळवळीलाच मोजावी लागते.

मुळात खेळ हा आपल्याला परका विषय कधी नव्हता. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती केवळ पाठ टेकण्यासाठी मागितली होती काय? आठ तासांच्या कामाची मागणी करणाऱ्या जगभरच्या कामगारांनी विश्रांतीचे आठ तास वेगळे मागितले आणि स्वतःच्या मर्जीचे आठ तास वेगळे मागितले. त्या तिसऱ्या हिश्श्यावर मालकाचा हक्क नाही, हीच त्या मागणीतली खरी ठिणगी होती. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाची शाखा मैदानावर भरत असे, आणि तिथे मुले आधी खेळत, गाणी म्हणत, बौद्धिक नंतर. ज्या परंपरेने लंगडी आणि खो-खोतून कार्यकर्ते घडवले, तिच्याच वारसांनी खेळाला पोरखेळ म्हणून हिणवावे, ही गंमतच म्हटली पाहिजे.

तेव्हा प्रश्न खेळावा की न खेळावा, हा नाही. गिरणगावचा खेळ कोणी नेला आणि कुठे नेला, हा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढची कथा वाचकांना पाठ आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी सगळ्या जमिनीला लागू न राहता आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मोकळी जागा आक्रसली म्हणजे मैदान आक्रसले. नव्वदीच्या अखेरीस फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंगचा अड्डा उघडला. २०१२ साली कमला मिलच्या आवारात ‘स्मॅश’ नावाचे खेळकेंद्र थाटले गेले. गिरणगावातून खेळ हद्दपार झाला नाही. तो तिकिटाच्या खिडकीमागे गेला, एवढेच.

याच काळात चाळीत एक वेगळा खेळ मागच्या दाराने शिरला. मुंबईच्या गिरण्या बंद पडून दीड वर्ष झाले होते तेव्हा, जुलै १९८३ मध्ये, जपानच्या निन्टेंडो कंपनीने आपले घरगुती खेळाचे यंत्र बाजारात आणले. लालबागच्या मुलापर्यंत पोचण्याची तसदी त्या कंपनीने कधी घेतली नाही. त्याच्या खिशात तिला रस असण्याचे कारण नव्हते. पोचल्या त्या तैवान-चीनमध्ये बनलेल्या नकला. नव्वदीच्या दशकात लॅमिंग्टन रोडवर आणि मनीष मार्केटात त्या मिळत. हलके प्लास्टिक, दोन वायरी, आत काळ्या डांबराच्या ठिपक्याखाली दडवलेली एक चकती आणि वर लावायची पिवळी किंवा काळी कॅसेट. कॅसेटीवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ मोजके. तेच पुन्हा पुन्हा, कधी तिसऱ्या पायरीपासून सुरू होणारे, कधी नुसते नाव बदललेले. (जाहिरातीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये, हा धडा अनेकांनी इथेच प्रथम घेतला.) यंत्र विकत घेणे परवडत नसे तेव्हा ते तासाच्या भाड्याने आणले जाई. वर्गणी निघे, पाळ्या लागत, आणि दहा बाय बाराच्या खोलीत दोघे खेळत आणि दहाजण सल्ले देत. मारिओ किंवा कॉन्ट्रा हे खेळ गिरणगावच्या एका पिढीला असे सामुदायिक रीतीने भेटले. कायद्याच्या भाषेत ती चोरी होती. आमच्या भाषेत तिला, मालाचा मालक ज्यांना गिऱ्हाईकही मानायला तयार नाही त्यांनी करून घेतलेली सोय म्हणतात.

आज तीच यंत्रे आणि कॅसेटी कोणी शोधून आणतो, तेव्हा तो काय करतो ते जरा जवळून पाहावे. जुन्या कॅसेटीचे दाते गंजलेले असतात. ते घासून साफ करावे लागतात. ज्या कॅसेटीत खेळाची प्रगती साठवण्याची सोय असते तिच्यात एक छोटी बॅटरी असते, आणि ती संपली की साठवलेले सर्व पुसले जाते. ती डाग देऊन बदलावी लागते. यंत्रातले कपॅसिटर जुने होऊन निकामी होतात. बदकांवर नेम धरायची ती प्लास्टिकची बंदूक तर आजच्या सपाट टीव्हीवर चालतच नाही. चाप ओढताक्षणी पडदा काळा होतो, सावजाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा त्याच क्षणी उजेड दिसतो की नाही हे तपासतो. काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीवर हे गणित जुळते. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते आणि नेम कायमचा हुकतो. म्हणजे तो एक खेळ जपायचा तर जुना टीव्ही जपला पाहिजे, आणि टीव्ही जपायचा तर तो दुरुस्त करणारा कारागीर जपला पाहिजे. लॅमिंग्टन रोडवर डाग देण्याची सळई घेऊन बसलेल्या त्या कारागिराचे हस्तकौशल्य कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीत मोजलेले नाही. वस्तू फेकू नका, दुरुस्त करा, हे ज्याला कृतीने पटले आहे त्याला चंगळवादी म्हणायचे, तर चंगळवाद या शब्दाला अर्थच उरत नाही.

आता नव्या खेळांकडे वळू, कारण खरा दरोडा तिथे चालला आहे. जुनी कॅसेट विकत घेतली की ती आपली. मित्राला द्यावी, विकावी, नातवासाठी ठेवावी. नवा खेळ ‘विकत’ घेतला की हाती पडतो तो परवाना. आणि परवाना देणारा तो केव्हाही काढून घेऊ शकतो. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतींचा खेळ २०१४ साली निघाला. लोकांनी पूर्ण किंमत मोजली. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपले सर्व्हर बंद केले आणि तो खेळ, एकट्याने खेळायच्या भागासकट, मेला. खोका कपाटात आहे, तबकडी शाबूत आहे, खेळ नाही. २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या नव्या यंत्रासाठी कित्येक खेळ अशा कॅसेटींवर विकले गेले की ज्यांच्यात खेळच नाही, फक्त किल्ली आहे. खेळ कंपनीच्या कोठारातून उतरवून घ्यायचा. ते कोठार ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी हातात किल्ली राहील. चाळीतल्या भाडेकरूला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. मालक नसताना घरात राहणे म्हणजे काय, ते तो जन्मभर अनुभवतो. पण त्याला निदान भाडे-नियंत्रण कायद्याचा आधार असतो.

‘द क्रू’च्या निमित्ताने युरोपात जी मोहीम उभी राहिली तिच्या निवेदनावर २०२५ च्या उन्हाळ्यात दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा करून, परवाना विकत असाल तर तसे स्पष्ट सांगा, एवढे तरी दुकानदारांवर बंधनकारक केले. आपल्याकडे काय आहे? १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा प्रकाशकाला पुस्तकाच्या प्रती सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करायला लावतो. खेळांसाठी असे काही नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली एक कलम आले : ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येईल. पण अट अशी की त्या ग्रंथालयाकडे तिची ‘अ-डिजिटल’ प्रत आधीच असली पाहिजे. व्हिडिओ गेमची अ-डिजिटल प्रत जगात कुठे असते? ज्यांनी हे कलम लिहिले त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त कागद होता. परिणामी मुंबईतले कोणतेही ग्रंथालय उद्या जुन्या कॅसेटी जतन करू म्हणाले, तर त्या कलमाची सावली त्यांच्यावर पडत नाही. अमेरिकेतही फार बरे नाही. तिथल्या एका जतनसंस्थेने २०२३ साली काढलेल्या निष्कर्षानुसार तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी शंभरातले ८७ आज कुठेही विकत मिळत नाहीत. आणि तरीही ग्रंथालयांना ते अभ्यासकांना दुरून उपलब्ध करून देण्याची मुभा तिथल्या प्रताधिकार कार्यालयाने २०२४ साली नाकारली. विकायचेही नाही आणि जपूही द्यायचे नाही. १९८३ मध्ये अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या होत्या. त्या २०१४ साली उकरून काढल्या गेल्या. आजच्या कंपन्यांना खड्डाही खणावा लागत नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्या घरी शे-दीडशे खेळ चालत्या स्थितीत ठेवणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, सार्वजनिक काम करतो आहे. सगळेच संग्राहक असे नाहीत, हे उघड आहे. जुलै २०२१ मध्ये मारिओचा एक न उघडलेला खोका अमेरिकेत १५ लाख ६० हजार डॉलरला लिलावात गेला. ज्याने तो घेतला तो खेळणार नाही. खोका उघडताच त्याची किंमत कोसळेल. उपयोगमूल्याची हत्या करून विनिमयमूल्याची पूजा, याचे इतके नितळ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडायचे नाही. त्या वाऱ्याची झुळूक इथेही पोचली आहे, आणि कालपर्यंत रद्दीत जाणाऱ्या कॅसेटीला आज ‘दुर्मीळ’ म्हणून दर लागतो. काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवणाऱ्यांशी आमचे भांडण आहेच. खेळ खेळला गेला तरच तो खेळ.

कोणी म्हणेल, मुले बिघडतात, पैसे उडवतात. पैसे उडवण्याचा खेळ कोणता, हे गिरणगावाला शिकवू नये. वरळीच्या मटक्यात पगाराच्या पगार गेलेली घरे इथे आहेत. मटक्याचाच नवा अवतार मोबाइलवर रमी आणि स्वप्नसंघांच्या रूपाने आला, क्रिकेटपटू आणि नट त्याच्या जाहिराती करीत राहिले, आणि अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण जुगार वेगळा आणि खेळ वेगळा, हा भेद जो कायदा करतो तो आपल्या भाषणांत मात्र सापडत नाही. जुन्या कॅसेटीत तर पैसे मागण्याची सोयच नव्हती. हरलात की पहिल्यापासून खेळायचे. पैसे टाकून बंद पेटी उघडायची आणि आत काय निघते ते नशिबावर सोडायचे, ही युक्ती नव्या खेळांतली, आणि बेल्जियमने २०१८ मध्येच तिला जुगार ठरवले. मुलाच्या व्यसनाची ज्याला खरीच काळजी आहे त्याने या पेट्यांवर बोलावे. मुलाच्या हातून जुनी कॅसेट काढून घेण्यात काहीच पराक्रम नाही.

खेळ बनवणाऱ्या कामगारांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९०० कोटी डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन कंपनी गिळली आणि तीनच महिन्यांनी आपल्या खेळविभागातल्या १९०० जणांना घरी पाठवले, एवढे इथे नोंदवून ठेवतो. पुण्या-मुंबईतही या धंद्यात राबणारी तरुण मंडळी आहेत. त्यांच्यापर्यंत जायचे तर त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणत कसे जाणार?

काम अवघड नाही. कामगार कल्याण मंडळाची केंद्रे आहेत, त्यांच्यात कॅरम आहे, वाचनालय आहे, शिवणवर्ग आहेत. प्रभादेवीला हुतात्मा बाबू गेनूंच्या नावाचे गिरणी कामगार क्रीडाभवन आहे. तिथे एका खोलीत दोन जुने टीव्ही, चार यंत्रे आणि कॅसेटींचे एक कपाट ठेवा, अशी मागणी आपल्या प्रतिनिधींनी लेखी करावी. खर्च एखाद्या सत्कार समारंभाच्या हारतुऱ्यांहून जास्त येणार नाही. संग्राहक तरुणांना बोलावून यंत्रे सांभाळण्याची जबाबदारी द्यावी. १८९८ पासून चालत आलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी, प्रताधिकार कायद्यातील ती ‘अ-डिजिटल’ची अट काढावी म्हणून ठराव करावेत, आणि आपल्या आमदार-खासदारांनी ते ठराव घेऊन सरकारला विचारावे की ग्राहकाने पूर्ण पैसे मोजलेली वस्तू कंपनी परत काढून घेते तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा नेमका कोणाचे संरक्षण करतो.