न्यूट्रल रंगाची धूळ

'न्यूट्रल' या शब्दावर माझा आक्षेप आहे. रंगावर नाही, शब्दावर. राखाडी, बेज, ऑफ-व्हाइट मलाही आवडतात. दहा बाय दहाच्या बेडरूमला गडद जांभळा लावून बघा, का आवडतात ते कळेल. पण न्यूट्रल म्हणजे तटस्थ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाणेर, वाकड, हिंजवडीच्या कुठल्याही सॅम्पल फ्लॅटमध्ये जा. राखाडी भिंत, टीव्हीमागे संगमरवराच्या शिरा छापलेलं पॅनेल, आणि स्वयंपाकघरात पांढराशुभ्र क्वार्ट्झचा ओटा. हा ओटा अजिबात तटस्थ नाही.

मुळात तो दगडाचा अखंड तुकडाही नाही. क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये कालवून, रंग घालून, दाबून केलेली ती लादी. साधारण नव्वद टक्के चुरा, बाकी चिकटवायचं सामान. ती एवढी खपते ती आपल्या हळदीमुळे. खरा संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर लिंबू किंवा आमसुलाचं पाणी सांडलं की चकाकी गेलीच. आपल्याला रोज फोडणी हवी, ओटा पांढरा हवा, आणि त्या पांढऱ्यावर फोडणीची खूण मात्र नको. हा हट्ट क्वार्ट्झ बऱ्यापैकी पुरवतो.

पण लादी घरी येते तेव्हा तिला सिंकचं भोक नसतं, शेगडीचं नसतं. ते इथे पाडतात. आमच्या सोसायटीत सतत कुठल्या ना कुठल्या मजल्यावर 'इंटिरियर' चालू असतं. ड्राय बाल्कनीत उकिडवा बसलेला एक मुलगा, हातात कटर, तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्या. पाणी सोडत नाहीत, कारण खालच्या मजल्यावर गळतं आणि मग व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण होतं. धुळीबद्दलही भांडण होतं, पण ते जिन्यात पडलेल्या धुळीबद्दल.

त्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. तिचे जे कण घात करतात ते डोळ्यांना दिसतही नाहीत, रुमालातून आरपार जातात. फुप्फुसात खोल रुतून बसतात, भोवती वण धरतो, आणि माणसाला हळूहळू जिना चढवेनासा होतो. याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. ऑस्ट्रेलियात ओटे कापणारे तरुण कामगार यात सापडले, तेव्हा तिथे 1 जुलै 2024 पासून या कृत्रिम दगडावर बंदी आली. पाणी सोडा, धूळ ओढून घ्या, मास्क लावा, हे नियम तिथे आधीपासून होते. ते पुरले नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ग्रॅनाइटमध्ये काय सिलिका नसते? असते की. पण सहसा निम्म्याहून कमी. म्हणून ग्रॅनाइट कोरडा कापावा असं नाही. पण नव्वद आणि चाळीस यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने निदान गृहकर्जाच्या व्याजदरावर माझ्याशी वाद घालू नये.

दुसरं उत्तर जास्त भावुक असतं: पुण्याला दगड काय नवा? खरंच नाही. पाताळेश्वराचं लेणं आठव्या शतकात याच काळ्या कातळात कोरलं. आजीच्या घरातली शहाबादी फरशी राखाडीच होती, फक्त तिला कुणी न्यूट्रल म्हणत नव्हतं. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचे पांढरट डाग पडायचे, त्यावर तेलाचा हात फिरवला की दिवाळी साजरी व्हायची. पण यात गहिवरून जाण्यासारखं फार नाही. तोही दगड कुणीतरी फोडलाच होता. वाघोलीच्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या खडी फोडणाऱ्या वडारांना धुळीबद्दल आपण सांगायला नको. जुनं आहे म्हणून ते निर्दोष ठरत नाही, आणि म्हणूनच नव्यालाही सवलत नाही.

सिलिकोसिस आपल्या 1948 च्या कारखाने कायद्यातल्या रोगांच्या यादीत होता. पण तुमची ड्राय बाल्कनी हा कारखाना नाही. तो मुलगा कुणाच्या हजेरीपटावर नाही. दहा वर्षांनी त्याला धाप लागेल तेव्हा त्याने कोणकोणत्या टॉवरमधले ओटे कापले, याची कुठे नोंद असणार?

आणि हे सगळं कशासाठी? 'रिसेलला बरं पडतं.' वीस वर्षं हप्ते आपण भरायचे आणि ओट्याचा रंग, अजून न भेटलेल्या गिऱ्हाइकाच्या आवडीचा. याला आमच्या पिढीत अभिरुची म्हणतात.

मी काळा ग्रॅनाइट घेतला. 'मॅडम, मूडबोर्ड बिघडतोय,' असं डिझायनर दोनदा म्हणाला. तुम्हाला क्वार्ट्झ टाळता येत असेल तर टाळा. दगड कोणताही घ्या, सिंक आणि शेगडीचं माप आधी द्या, कापणी वर्कशॉपमध्ये पाणी सोडून करायची हे कोटेशनमध्ये लिहून मागा, आणि त्याचे जास्तीचे पैसे घासाघीस न करता द्या. 'साइटवर थोडं ॲडजस्ट करावंच लागतं' असं ऐकवतील. ते कोण करणार आणि तोंडाला काय बांधून, तेवढं तिथल्या तिथे विचारा.