नवा वाण, की नवी जाती?



आमच्या चिमूरहून पूर्वेला नागभीडकडे निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसतात. पश्चिमेला वरोऱ्याकडे वळलात, तर पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची वावरं लागतात. आज या दोन पिकांनाच आपण एक प्रश्न विचारू या : सजीवांची नवी जाती तयार होते तरी कशी?

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. शेतकरी एकमेकांना विचारतात, "यंदा धानाची कोणती जात लावली?" ती जात म्हणजे खरं तर वाण. विज्ञानात 'जाती' म्हणजे असा गट, की ज्यातले सजीव आपसात संतती निर्माण करतात आणि ती संततीही पुढे वंश चालवू शकते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता धानाची गोष्ट. नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं एक गाव आहे. (मराठवाड्यातलं मोठं नांदेड नव्हे, बरं का!) तिथले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत तीन लोंब्या वेगळ्याच दिसल्या. दाणे पिवळसर होते. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढल्या वर्षी वेगळ्या पेरल्या, आणि असं करत करत नवा बारीक तांदूळ तयार केला. त्या काळी एचएमटीची घड्याळं भलतीच लोकप्रिय होती. त्यांच्यावरून या तांदळालाही एचएमटी हेच नाव पडलं. दादाजी २०१८ साली गेले, पण त्यांचा तांदूळ आजही घराघरांत शिजतो.

त्या लोंब्या वेगळ्या का होत्या? प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात आणि त्यांच्यावर जनुकं. दाणा बारीक की जाड, हे जनुकं ठरवतात. त्या लोंब्यांमधली जनुकं इतरांहून थोडी निराळी होती. धानाचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागकणांनी फळतं, म्हणून निवडलेलं वेगळेपण पिढ्यान्‌पिढ्या टिकलं.

मग एचएमटी ही नवी जाती झाली का? नाही! पटेल-३ आणि एचएमटी दोघांचीही गुणसूत्रं २४च. त्यांचा संकर केला तर दाणे भरतात, ते पेरले तर पुन्हा पीक येतं. दोघांमध्ये भिंत उभी राहिलेली नाही. म्हणजे वाण नवा, जाती जुनीच.

ही भिंत पाहायची तर पऱ्हाटीच्या वावरात चला. आपली देशी कपाशी आणि अमेरिकन कपाशी दिसायला बहिणी-बहिणी. पण देशीची गुणसूत्रं २६ आणि अमेरिकनची ५२! दोघींचा संकर मोठ्या खटपटीनं साधला, तरी रोप बहुधा वांझ निघतं. असं का?

फुगडीचा खेळ आठवा. फुगडीला जोडीदार लागतो. परागकण किंवा बीजांड तयार होताना गुणसूत्रांनाही तसाच जोडीदार लागतो. जोड्या लागतात, मग प्रत्येक जोडीतलं एक इकडे आणि एक तिकडे जातं. संकरित रोपाला देशी आईकडून १३ आणि अमेरिकन बापाकडून २६ गुणसूत्रं मिळतात. एकूण झाली ३९. त्यातल्या २६ जणांच्या १३ जोड्या लागतात. उरलेल्या १३ जणांना जोडीदारच नाही! ते वाटेल तसे विखुरतात, वाटणी चुकते आणि बी धरत नाही. हीच ती भिंत.

पण अमेरिकन कपाशीकडे ५२ गुणसूत्रं आली कुठून? सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी, माणसानं शेती सुरू करण्याच्या कितीतरी आधी, अमेरिका खंडात दोन वेगळ्या रानकपाशींचा संकर झाला. एक तिथलीच होती. दुसरी आपल्या देशी कपाशीच्या नात्यातली. तिचं बी समुद्रावरून वाहत गेलं असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. दोघींची १३-१३ मिळून २६ गुणसूत्रं झाली, पण त्यांच्या नीट जोड्या लागेनात. मग निसर्गातच गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली. प्रत्येकाला जणू जुळं भावंड मिळालं आणि सगळ्यांच्या फुगड्या जमल्या! ५२ गुणसूत्रांची ही कपाशी आपसात फळू लागली, पण आपल्या आईबापांशी मात्र तिचं जमेना. म्हणजेच नवी जाती जन्मली.

जाती नेहमी अशाच बनतात असं नाही. कधी मध्ये नदी, डोंगर किंवा समुद्र येतो. दोन्हीकडच्या जनुकांत हजारो पिढ्या लहान लहान बदल साठत जातात, आणि पुन्हा भेट होते तेव्हा जमत नाही.

पालकांनो, ही भिंत केवळ पुस्तकातली नाही. देशी कपाशी रस शोषणाऱ्या किडींना आणि पाण्याच्या ताणाला चांगली तोंड देते. तिचे हे गुण अमेरिकन कपाशीत आणायचे तर ही भिंतच आडवी येते. त्यावर शास्त्रज्ञांना एक उपाय सापडला : कोल्चिसीन. या द्रव्यानं वांझ संकराची गुणसूत्रं दुप्पट करता येतात. पावसाळ्यात आपल्या जंगलात लाल-पिवळी कळलावी फुलते ना, तिच्यातही हे द्रव्य असतं. मात्र कळलावी फार विषारी आहे. तिला नुसतं लांबूनच पाहा! पण हे सारं करायला देशी बियाणं शिल्लक तर हवं. सगळीकडे एकच वाण पेरला, तर वेगळ्या तीन लोंब्या पुढच्या दादाजींना दिसणार कुठून?

आता तुमचं काम. घरच्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी धानाचे, ज्वारीचे, कपाशीचे कोणते वाण होते. नावं वहीत लिहा. त्यातलं एखादं बी कुणाकडे असेल, तर मूठभर मागून घ्या, डबीत ठेवा, चिठ्ठी लावा आणि हंगामात पेरून पाहा.

आणि हे कोडं : घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. मग खेचराची किती? आणि खेचराला पिल्लं का होत नाहीत? फुगडी आठवा, म्हणजे उत्तर सापडेल!