धावण्याचा तास कोणाच्या खात्यातून?

धावावयास वेळ मिळत नाही, अशी तक्रार करणाऱ्याला आजकाल एक ठरीव उत्तर ऐकावे लागते : वेळ मिळत नसतो, काढावा लागतो. वर्तमानपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्या, मोठ्या कंपन्यांतील व्याख्याने आणि जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनच्या आधी शहरभर झळकणारे फलक, सर्वांचा सूर एकच. पहाटे पाचला उठा, ऊन असो वा पाऊस, बूट चढवा आणि बाहेर पडा. नोकरी, मुले, वृद्ध आईवडील या केवळ सबबी होत. मात्र हा काढावयाचा वेळ कोठून काढावा, याबद्दल उपदेशक मौन पाळतात. दिवसाचे 24 तास रावाला आणि रंकाला सारखेच, हे वचन शाळेच्या फळ्यावर शोभते. कुटुंबाच्या जमाखर्चात एकाने उचललेला तास बहुधा दुसऱ्याच्या नावे पडलेला असतो.

कल्याण-डोंबिवलीकडील दोन पगारांवर चालणारे एखादे घर पाहावे. नवऱ्याला साडेसातची लोकल, बायकोला आठची. नळाला पाणी पहाटे येते आणि तासाभरात जाते. दोन मुलांचे डबे, मोठ्यांचे डबे, सासूबाईंची औषधे, सारे त्याच तासात. अशा घरातील पुरुष पाच किलोमीटर धावून सव्वासहाला परततो, तेव्हा पिंप भरलेले असते आणि चहा उकळत असतो. आपला नियम वर्षानुवर्षे चुकलेला नाही, असे तो अभिमानाने सांगतो. ते खरेही असते! त्या नियमाचा खर्च कोण भागवते, हे मात्र त्याला कोणी विचारलेले नसते आणि त्यालाही ते कधी सुचलेले नसते.

आता कोणत्याही ऋतूत नियम न मोडण्याच्या बाण्याकडे वळू. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर आला की कोकणपट्टीत घामाच्या धारा लागतात. नागपूर-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेथे उन्हात धावणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून धावणारा आपली वेळ पहाटेकडे सरकवतो, म्हणजे नेमकी पाण्याच्या आणि पोळ्यांच्या घटकेवर आणून ठेवतो. पावसाळ्यात तो चिंब होऊन येतो आणि मर्दुमकी गाजवल्याच्या थाटात दारात उभा राहतो. ते ओले कपडे कोणीतरी पिळावयाचे असतात. चिखलाने भरलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोणीतरी कोंबावयाचे असतात. दोन खोल्यांच्या घरात मुलांचे गणवेश अगोदरच वाळत नाहीत, त्या दोरीवर या पराक्रमाच्या खुणांना जागा कोणीतरी करावयाची असते. आणि हिवाळ्यात? जानेवारीत मुंबईला सूर्योदय सातनंतर होतो. साडेपाचच्या अंधारात पुरुष धावतो, त्याला लोक व्यायामप्रेमी म्हणतात. बाई धावली तर कुत्री भुंकतात, रिक्षावाले हळू होतात आणि इमारतीचा पहारेकरीही वळून पाहतो. अडचण ऋतूची नसून घराच्या आणि रस्त्याच्या व्यवस्थेची आहे.

हे केवळ एका घराचे चित्र नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या कालविनियोग पाहणीनुसार, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात आणि पुरुष 88 मिनिटे. लक्षात घ्यावे, की ही 88 मिनिटे घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच सरासरी आहे. हात न लावणारे तीत धरलेलेच नाहीत आणि बहुसंख्य तेच आहेत. 2019 च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण अवघे 26 टक्के होते, स्त्रियांचे 81 टक्के. तफावत दिवसाला 201 मिनिटांची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीला धावण्यासारख्या जोमदार व्यायामाची आठवड्याला किमान 75 मिनिटे पुरेशी मानते. म्हणजे एका दिवसाच्या तफावतीत अडीच आठवड्यांचे धावणे बसते! मग 2022 साली भारतातील 57 टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी होती (पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के), असा अंदाज जेव्हा प्रसिद्ध होतो, तेव्हा स्त्रियांच्या आळसावर प्रवचने झोडणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

स्त्रियांना हे झेपत नाही, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये 800 मीटर धावून काही स्त्रिया दमल्या, एवढ्यावरून ती शर्यत त्यांना 1960 पर्यंत बंद ठेवण्यात आली. दमलेल्या पुरुषांबाबत असा निर्णय कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही. पुरुषांची ऑलिंपिक मॅरेथॉन 1896 ची, स्त्रियांची 1984 ची. मध्ये 88 वर्षे गेली. बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावणाऱ्या लता करे यांचे महाराष्ट्राने कौतुक केले, त्यांच्यावर 2020 मध्ये चित्रपटही आला. कौतुक रास्तच होते. परंतु त्या धावल्या नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून. पतीसाठी धावणारी स्त्री आपल्या समाजाला चटकन समजते. स्वतःच्या गुडघ्यांसाठी, स्वतःच्या झोपेसाठी, किंवा नुसते बरे वाटते म्हणून अर्धा तास मागणाऱ्या स्त्रीचे असेच कौतुक होईल काय?

येथे डाव्या चळवळीतील काही मित्र हसतील. धावणे हा सुखवस्तूंचा छंद आहे, ऊसतोड मजूर बाईला व्यायामाची गरज नाही, असे ते म्हणतील. ऊसतोड मजूर बाईपुरते ते खरे आहे. तिला हवी आहे विश्रांती. पण श्रमिक म्हणजे आज केवळ ती नव्हे. बारा तास खुर्चीवर बसणारा पहारेकरी, शिवणयंत्रावर वाकलेली कामगार स्त्री, दिवसभर टॅक्सी हाकणारा चालक, संगणकापुढील कंत्राटी कारकून, हेही श्रमिकच होत आणि मधुमेह व रक्तदाब यांनी श्रीमंतांची वस्ती केव्हाच ओलांडली आहे. शिवाय ज्या खेळाला ना शुल्क लागते ना जिमखान्याचे सभासदत्व, तोच धनिकांना आंदण देऊन टाकणे हा कोठला समाजवाद? फुरसतीची मागणी ही कामगार चळवळीची सर्वांत जुनी मागणी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 मध्ये गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली, ती काही छंद म्हणून नव्हे. त्याच महाराष्ट्रात 2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. उद्योगपती आठवड्याला 70 आणि 90 तास कामाचा पुरस्कार करतात, आणि त्यांच्याच कंपन्या कर्मचाऱ्यांना मॅरेथॉनचे सदरे वाटतात. बारा तास कारखान्यात आणि तीन तास लोकलमध्ये घालवणाऱ्याला वेळ काढण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे.

मागणी दोन ठिकाणी करावी लागेल. नगरपालिकेकडे : पहाटे पाचपासून दिवे असलेले मैदान, पावसाचे पाणी न तुंबणारी कडेची वाट, स्वच्छतागृह, आणि लग्नसमारंभांना व मोटारींना मैदान न देण्याचा ठराव. पाण्याची वेळही याच यादीत घालावी. ज्या प्रभागात नळ पहाटेच तासभर येतो, तेथील स्त्रियांचा व्यायाम पाणीपुरवठा खात्याने ठरवलेला असतो, हे कोणत्याही आरोग्य-पुरवणीत छापून येत नाही.

दुसरी मागणी घरात, आणि ती अधिक अवघड, कारण तेथे मोर्चा नेता येत नाही. आठवड्याला 75 मिनिटे म्हणजे पंचवीस मिनिटांच्या तीन फेऱ्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचे. घरी राहणाऱ्याने पाणी भरावे, डबे करावे, मुलांना उठवावे. यात अशक्य असे काय आहे? अशक्य वाटते ते त्याला डबा करता येत नाही म्हणून, आणि तो शिकण्यास फार तर एक महिना लागतो.

पक्षाच्या शाखांपासूनच आरंभ होण्यास हरकत नसावी. शाखेची रविवारची बैठक सकाळी आठला एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी भरते. चर्चा समतेवर चालते, आणि आत कोणीतरी पाचपासून वीस माणसांचे पोहे करीत असते. ती कांदे चिरणारी व्यक्ती पुढील रविवारी मैदानावर असावी आणि कांदे शाखाध्यक्षांनी चिरावेत. मुहूर्त जूनचाच धरावा. म्हणजे भिजलेले कपडे कोण पिळतो, हेही त्याच दिवशी ठरवावे लागेल.