बाईचा रोज

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक हे गाव पंडितांस ठाऊक आहे ते कुकडीकाठी सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे आणि अश्मयुगीन हत्यारांमुळे. त्या राखेचे वय किती, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झडले. परंतु त्याच नदीकाठच्या शिवारात एकाच दिवशी राबणाऱ्या दोन माणसांस निरनिराळा रोज का मिळावा, हा वाद घालण्यास कोणी सहसा पुढे येत नाही. गड्याचा रोज निराळा, बाईचा निराळा, आणि बाईचा कमी. बोरीतच काय, साऱ्या जुन्नर-आंबेगावात हे कुकडीच्या वाहण्याइतके स्वाभाविक मानले जाते. आम्हांस ते तसे वाटत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, बाईचे काम हलके. कांद्याची लावणी ज्यांनी बांधावरून तरी पाहिली असेल त्यांनी हे म्हणू नये. वाफ्यात पाणी सोडलेले, पाय चिखलात, कंबर दिवसभर वाकलेली; आणि बोटे एकेक रोप नेमक्या अंतरावर व नेमक्या खोलीवर टोचीत जातात. रोप फार खोल गेले तर कांदा नीट पोसत नाही, वरवर राहिले तर मूळ धरत नाही. खुरपणीत पिकाला धक्का न लावता तण काढायचे, काढणीनंतर विळ्याने पात व मुळे छाटायची. ह्याला कसब म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे? शक्तीवरच मजुरी ठरत असती, तर बाजारसमितीतील हमाल हा तिथला सर्वांत धनवान पुरुष झाला असता!

बरे, शक्तीचा मुद्दा सोडून देऊ. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. तिथे ओझी वाहण्याचा प्रश्न नाही. मुलांची वजने घेणे, आहार देणे, शिकविणे, नोंदी ठेवणे हे काम आहे, म्हणजे शिक्षण हवे. मग मोबदला शिक्षणाजोगा असावा की नाही? तिथे उत्तर बदलते. ही सेवा आहे, म्हणून वेतन नव्हे, ‘मानधन’! मान कितीसा आणि धन कितीसे, हे सेविकांनी वेळोवेळी संप करून सांगितले आहे. त्यांस ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरण्यास सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निकाल यावा लागला.

शहरात तिसरेच उत्तर मिळते. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या लघुलेखिका सर्व स्त्रियाच असत, आणि त्यांचे वेतन पुरुष लघुलेखकांहून कमी. ऑड्री डिकॉस्टा यांनी दाद मागितली, तेव्हा कंपनीचे म्हणणे असे की, ही जागाच निराळी. येथे लिंगभेद कसला? ज्या जागेवर पुरुष नेमावयाचाच नाही, तिचे वेतन कमी ठेवून वर भेद नाही म्हणावयाचे! सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली हे म्हणणे फेटाळले. तेव्हा शेतात शक्ती नाही म्हणून, अंगणवाडीत सेवा म्हणून, कचेरीत जागा निराळी म्हणून. कारणे बदलतात, कमी पैसे तेवढे कायम राहतात.

डिकॉस्टाबाई जिंकल्या, कारण त्यांच्यासारखेच काम करणारे पुरुष त्याच कंपनीत होते. कांदा लावणाऱ्या बाईने तुलनेस पुरुष आणावा कोठून? 1976 च्या समान वेतन कायद्याने ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम’ ही कसोटी घातली, आणि 2019 च्या वेतनसंहितेनेही तीच ठेवली. वस्तुतः समान मूल्याच्या कामास समान मोबदला, हा 1951 चा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1958 साली मान्य केला आहे. फवारणी आणि लावणी ही एकच कामे नव्हेत, हे आम्हीही जाणतो; पण त्यांचे मूल्य कमीअधिक आहे, हे कोणी मोजून पाहिले? न्यूझीलंडमध्ये वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या क्रिस्टीन बार्टलेट यांनी नेमका हाच प्रश्न न्यायालयात नेला, आणि 2017 साली तेथील सरकारला तडजोड करून त्या साऱ्या धंद्याचे वेतन वाढवावे लागले.

शेतकरी म्हणेल, कांद्याचा भाव पडला की आमचेच मुद्दल निघत नाही, मजुरी कोठून वाढवू? हे दुःख खरे आहे, आणि शहरात बसून त्याची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. परंतु भाव पडला म्हणून ट्रॅक्टरवाला भाडे सोडीत नाही, औषधाचा दुकानदार बाटली स्वस्त देत नाही. काटकसरीचा आरंभ दर वेळी बाईच्याच रोजापासून का व्हावा? ती उशिरा येते म्हणावे, तर पाणी, भाकरी आणि गोठा उरकून येते. त्या तासांचा हिशेब तर कोणीच मांडीत नाही.

आणि हिशेब मांडता येत नाही असेही नाही. लावणी एकरावर उक्ती दिली जाते, तेव्हा बोलणी वाफ्यांची होते, लुगड्याची नव्हे. लावणीच्या दिवसांत बायका मिळेनाशा झाल्या की ह्याच ‘हलक्या’ कामासाठी दूरच्या वाड्यांवर गाडी धाडावी लागते. कामावरून दर ठरविण्याची ही रीत खुरपणी-काढणीच्या रोजालाही लावावी. हजेरीच्या वहीत ‘गडी’ आणि ‘बाई’ असे रकाने न पाडता कामाचे नाव लिहावे. आणि दर हंगामापूर्वी ग्रामसभेत, राबणाऱ्या बायका समोर बसल्या असताना ठरवावा.